जी गोळी औषधात धरली जात नाही

“औषध कोणतं चालू आहे?” असे डॉक्टर विचारतात. समोरचा साठीचा माणूस म्हणतो, “काही नाही.” मग सोबत आलेली सून सांगते, “बीपीची गोळी होती, पण ती गरम पडते म्हणून बंद केली मामांनी.” आणि गुडघेदुखीसाठी? “ते काय, दुखलं की मेडिकलमधून एखादी गोळी आणतात.” एखादी म्हणजे किती, हे खोदून विचारल्यावर कळते की सकाळी एक, शेतात काम जास्त असले तर रात्री आणखी एक, आणि हे गेली चार-पाच वर्षे चालू आहे. गोळीचे नाव कोणालाच ठाऊक नसते. “ती लाल-पिवळी असते ना, तीच.”

महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असे बोलणे रोज कानावर पडते. ज्या गोळीने त्या माणसाचे मूत्रपिंड वाचले असते ती त्याने भीतीपोटी सोडली. जिच्यामुळे ते बिघडण्याचा धोका होता, ती मात्र त्याने औषधात मोजलीसुद्धा नाही. मूत्रपिंडविकाराबद्दल समाजात भीती भरपूर आहे, फक्त ती भलत्याच गोळ्यांना चिकटली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. किडनी कायमची निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत. केवळ वेदनाशामक गोळ्यांनी किडनी गेली, असे रुग्ण त्या मानाने कमी. पण आधीच मधुमेहाने किंवा रक्तदाबाने अर्धवट थकलेल्या मूत्रपिंडावर रोजची वेदनाशामक गोळी पडते, तेव्हा जे दहा वर्षांनी व्हायचे ते कधी कधी दोन आठवड्यांत होते. आपले मूत्रपिंड थकलेले आहे हे त्या माणसाला माहीत नसते, कारण मूत्रपिंड दुखत नाही. कंबर दुखली की लोकांना किडनीची शंका येते. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग सोडला तर कंबरदुखी बहुतेक वेळा मणक्याची आणि स्नायूंची असते, आणि हळूहळू निकामी होणारी किडनी शेवटपर्यंत गप्प राहते. म्हणजे किडनीच्या शंकेने कंबर धरून बसलेला माणूस त्या कंबरेसाठी जी गोळी घेतो, खरा धोका तिच्यात असतो.

ही गोळी नेमके काय करते? दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. हे गाळणे दाबावर चालते. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी आणि बाहेर नेणारी दुसरी. आतली किती उघडायची आणि बाहेरची किती आवळायची, हे शरीर क्षणोक्षणी ठरवत असते. शेतात पाट सोडताना एक बारे मोकळे आणि दुसरे निम्मे बंद ठेवून पाण्याची पातळी राखतात, तसाच हा प्रकार.

अंगातले पाणी कमी झाले, उलट्या-जुलाब झाले, भर उन्हात घाम गेला, हृदय अशक्त झाले किंवा वयच झाले, की मूत्रपिंडाकडे येणारे रक्त घटते. अशा वेळी आत येणारी नळी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने करतात. सांधे सुजतात, ताप चढतो आणि दुखते, त्यातही हाच रसायनांचा परिवार असतो. ॲस्पिरिनसारखी औषधे ही रसायने तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम ही सगळी याच पंथातली. गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन थांबवायचे आणि मूत्रपिंडातले चालू ठेवायचे, अशी निवड या गोळीला करता येत नाही.

म्हणून तिशीतल्या धडधाकट माणसाने पाय मुरगळल्यावर तीन दिवस, पोटभर जेवून आणि भरपूर पाणी पिऊन ही गोळी घेतली तर सहसा काही होत नाही. त्याच्या मूत्रपिंडाला त्या दिवसांत प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरजच नसते. गरज असते ती त्याच्या आईला. तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, पायांना सूज येते म्हणून लघवी वाढवणारी गोळी आहे. मे महिन्यात लग्नाचे जेवण बाधते, दोन दिवस जुलाब होतात, अंग मोडून येते म्हणून कोणीतरी वेदनाशामक आणून देते. लघवीच्या गोळीने अंगातले पाणी आणखी घटवलेले असते, टेल्मिसार्टनने गाळणीबाहेरची नळी सैल केलेली असते आणि आता या तिसऱ्या गोळीने आत येणारी नळी आवळली जाते. गाळणीतला दाब कोसळतो. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद होते. रुग्णालयात क्रिएटिनिन चार-पाचच्या घरात सापडते आणि घरचे म्हणतात, “चांगली चालती-फिरती होती हो.”

या तिहेरी माऱ्याबद्दल वैद्यकीय पुस्तकांत पानेच्या पाने आहेत. तरीही या तीन गोळ्या तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवरून एकाच पिशवीत येऊन पडतात, कारण बीपीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे आणि जुलाबाच्या वेळी गाठलेले गावातले वेगळे. पिशवी उलटी करून सगळ्या गोळ्या एकत्र पाहण्याचे काम कोणाचेच नसते. वेळेवर ध्यानात आले, ती गोळी थांबवली आणि सलाइन दिले तर अशी अचानक बसलेली किडनी बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांत पुन्हा उभी राहते. वर्षानुवर्षांच्या रोजच्या गोळ्यांनी आतून सुकत गेलेली किडनी मात्र परत येत नाही.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणायचे तर. वेदनाशामक गोळीने पोटात जळजळ होते म्हणून तिच्याबरोबर ‘गॅसची गोळी’ देण्याचा रिवाज पडला आहे. वयस्कर माणसाच्या जठराला तिने संरक्षण मिळते हे खरे. पण जळजळ हीच त्या माणसाला मिळणारी एकमेव सूचना होती. ती बंद झाल्यावर “मला ही गोळी सोसते” असा समज पक्का होतो आणि दहा दिवसांची गोळी दहा महिने चालते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या पित्ताच्या गोळ्यांनी स्वतःही क्वचित मूत्रपिंडाला ॲलर्जीसारखी सूज येते. त्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मूत्रपिंडविकार अधिक आढळल्याचे मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. तो या गोळ्यांमुळेच झाला, हे मात्र सिद्ध झालेले नाही. सकाळी उठल्याबरोबर चहाआधी ‘पित्ताची एक’ टाकण्याची सवय लागलेल्यांनी ती कशासाठी आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांना विचारलेले बरे.

गोळी चांगली बनवलेली असते, भेसळ नसते, तरीही इजा होते, यामुळे हा विषय लोकांना पटवणे अवघड जाते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, सगळा महाराष्ट्र हादरला. तिथे दोषी शोधता येत होते. इथे कंपनीने कायद्याप्रमाणे बनवलेली, दुकानदाराने खात्रीच्या घाऊक विक्रेत्याकडून आणलेली, माणसाने स्वखुशीने विकत घेतलेली गोळी आहे. बातमी कशाची करणार?

स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे एक औद्योगिक गाव आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथल्या यॉर्टन नावाच्या डॉक्टरांनी फेनॅसेटिन, फेनाझोन आणि कॅफिन यांची एक पूड करून दिली. साथ गेली, पूड राहिली. गावातल्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातले कामगार ती अंगदुखीसाठी, मग डोके हलके राहावे म्हणून आणि शेवटी कामाचा वेग टिकावा म्हणून रोज घेऊ लागले. चहा-तंबाखू पुढे करावी तशी ती एकमेकांना दिली जाई. काही दशकांनी त्या गावात मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्यांची संख्या विचित्र वाढलेली दिसली. गावातल्याच एका डॉक्टरांनी चिकाटीने नोंदी गोळा केल्या आणि पुडीचा संबंध उघड झाला. १९६१ साली स्वीडनने फेनॅसेटिन चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ॲस्पिरिन, फेनॅसेटिन आणि कॅफिनच्या तशाच पुड्या किराणा दुकानांत मिळत आणि संसाराने दमलेल्या गृहिणींत त्या फार लोकप्रिय होत्या. तिथे १९७९ मध्ये अशा मिश्र वेदनाशामकांची खुली विक्री थांबवली गेली. त्यानंतरच्या दशकांत डायलिसिसवर येणाऱ्या नव्या रुग्णांतला या पुड्यांचा वाटा सतत घटत गेला. लोकांना उपदेश करून हे घडलेले नाही, दुकानातली विक्री बदलल्यावर घडले.

आजच्या गोळ्यांत फेनॅसेटिन नाही, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. सवय मात्र तीच आहे, आणि भारतात तर त्यासाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे औषध नियमावलीच्या ‘एच’ अनुसूचीत आहेत. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती किरकोळीने विकता येत नाहीत, तशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. ती वाचायची संधी गिऱ्हाइकाला मिळत नाही, कारण दुकानदार कात्रीने पट्टीतल्या दोन गोळ्या कापून कागदात गुंडाळून देतो. नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर. खेड्यातल्या दवाखान्यांत तर पुडीच बांधली जाते: एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी. त्या अर्धीत कित्येकदा स्टेरॉइड असते, म्हणून गुण झटकन येतो आणि पुडी मागायला माणूस पुन्हा येतो.

मेडिकलवाल्यांना सरसकट दोष देणे सोपे आहे. रात्री नऊ वाजता कंबर धरून आलेल्या माणसाला “आधी डॉक्टरांकडे जा” म्हणणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, हे त्याला माहीत असते. त्यामुळे एकट्या दुकानदाराच्या सदसद्विवेकावर ही गोष्ट सोडून चालणार नाही. नियम सगळ्या दुकानांना एकाच दिवशी, सारखाच लागू व्हायला हवा आणि ते काम अन्न व औषध प्रशासनाचे आहे. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत दुकानदार चिठ्ठी मागतात. मग ही सवय वेदनाशामकांना लावता येणार नाही, असे का धरून चालायचे?

डायक्लोफिनॅकवर कडक निर्णय घेता येतो, हे या देशाने दाखवलेही आहे, फक्त ते माणसांसाठी नव्हे. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडे पटापट नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्यांवर, काळजावर युरिक आम्लाचे पांढरे थर सापडत, म्हणजेच मूत्रपिंडे बंद पडलेली असत. २००४ मध्ये कारण समोर आले: जनावरांना टोचलेले डायक्लोफिनॅक. ते टोचल्यावर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जातात असे दिसल्यावर २०१५ मध्ये त्यांवरही बंधन आले आणि २०२३ मध्ये असिक्लोफिनॅक व केटोप्रोफेन ही भावंडेही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडाचे मूत्रपिंड या औषधाला माणसापेक्षा कितीतरी पटींनी नाजूक असते, त्यामुळे त्या बंदीचा दाखला देऊन माणसांसाठीही बंदी मागणे वेडेपणाचे ठरेल. संधिवाताच्या रुग्णांना ही औषधे लागतात. मागणी एवढीच, की माणसांसाठी आधीच लिहून ठेवलेला नियम पाळला जावा.

आता गोळी घेणाऱ्याकडे पाहू. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन निघते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाठ धरली म्हणून दोन दिवस कोपीत पडून राहणे त्या बाईला परवडत नाही, दहा रुपयांची गोळी परवडते. फडात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीही बेताने पिते. ऊन, घाम, कमी पाणी, अतिश्रम आणि त्यावर वेदनाशामक: मूत्रपिंडाला जे जे नको ते सगळे एका ठिकाणी. तिला “पेनकिलर घेऊ नका, आराम करा” असे चिठ्ठीवर लिहून देणाऱ्याने तिचा दिवस कसा जातो हे विचारलेले नसते.

मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा इथल्या ऊसतोड कामगारांत गेल्या दोन-तीन दशकांत मूत्रपिंडविकाराची जणू साथच आली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशी तिशी-चाळिशीतली माणसे दगावली. तिथे संशोधकांचे बोट प्रामुख्याने उन्हातल्या अतिश्रमांकडे आणि वारंवार होणाऱ्या पाण्याच्या कमतरतेकडे आहे, वेदनाशामके ही त्यात भर घालणारी गोष्ट मानली जाते. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्याने कामगारांना ठरावीक वेळाने सावलीत विश्रांती, पाणी आणि क्षार द्यायला सुरुवात केली, तेव्हा हंगामात मूत्रपिंडाला होणारी इजा घटली. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानमचा पट्टाही अशाच, कारण पूर्णपणे न उलगडलेल्या मूत्रपिंडविकारासाठी ओळखला जातो. हंगामाच्या आधी आणि नंतर ऊसतोड कामगारांचे क्रिएटिनिन तपासणे महाराष्ट्राच्या साखर पट्ट्याला मुळीच अवघड नाही. कारखान्याच्या गव्हाणीत किती टन ऊस पडला, याचा तर रोज हिशेब होतो.

ही झाली न घाबरता घेतलेल्या गोळीची बाजू. भिऊन सोडलेल्या गोळ्यांनी होणारे नुकसान कदाचित याहून मोठे असेल. “बीपीच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात आणि त्यांनी किडनी जाते” हे वाक्य शहरातल्या सोसायटीत आणि गावातल्या पारावर सारख्याच खात्रीने बोलले जाते. याचा उगम कुठे असावा याचा अंदाज करता येतो. ज्याला बीपी आणि शुगर आहे त्यालाच पुढे किडनीचा त्रास होतो, आणि त्या माणसाच्या हातात वर्षानुवर्षे गोळ्यांचा डबा दिसलेला असतो. मग आजाराचा आळ गोळीवर जातो. प्रत्यक्षात लोसार्टन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या वर्गातल्या गोळ्या मधुमेही मूत्रपिंडाच्या गाळणीवरचा जादा दाब उतरवतात आणि लघवीतून वाहून जाणारे प्रथिन कमी करतात. या गोळ्यांनी मधुमेहींची किडनी निकामी होणे लांबते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले.

गोंधळ आणखी एका कारणाने होतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वर सरकते. गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात, त्यापुढे गेली किंवा पोटॅशियम चढले तर कारण शोधतात. पण हे आधी सांगितलेले नसले, तर एक पूर्णांक एकचे एक पूर्णांक तीन झालेले पाहून घरात हाहाकार उडतो आणि गोळी कचऱ्यात जाते. मेटफॉर्मिनचेही तसेच. ते मूत्रपिंडाला इजा करत नाही. मूत्रपिंड आधीच फार अशक्त असेल तर ते शरीरात साठते, म्हणून डोस कमी करावा लागतो किंवा बंद करावे लागते. “किडनी खराब म्हणून मेटफॉर्मिन बंद केले” या वाक्याचा “मेटफॉर्मिनने किडनी खराब झाली” असा अर्थ गावभर होतो. मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिनचा मूत्रपिंडाला होणारा फायदा २०२० च्या चाचणीत इतका ठळक दिसला, की मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकारातही ते वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी भारतात त्याचे पेटंट संपले आणि किंमत एकदम खाली आली. पूर्वी महाग म्हणून लिहून न दिले जाणारे औषध आता सामान्यांच्या आवाक्यात आहे, आणि तरीही ते नाकारून माणसे ‘किडनी साफ करणाऱ्या’ काढ्यांवर महिन्याला त्याहून जास्त खर्च करतात.

त्या काढ्यांबद्दल, भस्मांबद्दल थोडे. भारतीय औषधशास्त्राला नावे ठेवण्याचा हा प्रश्न नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अलीकडे लघवीतून प्रथिन जाणाऱ्या तरुण रुग्णांमध्ये एक समान धागा निघाला, तो गोरे करणाऱ्या, पारा असलेल्या क्रीमचा. क्रीमलाही कोणी औषध म्हणत नाही. “कोणतं औषध घेता?” या प्रश्नाच्या उत्तरात ती कधीच येत नाही. म्हणून प्रश्नच बदलायला हवा: पोटात काय काय जाते, अंगाला काय काय लावता, कोणाकडून इंजेक्शन घेता, पुडी आणता का?

डॉक्टरांच्या बाजूने करायच्या गोष्टी काही फार मोठ्या नाहीत, पण त्या होत नाहीत हे मान्य करायला हवे. साठीच्या पुढच्या, मधुमेही किंवा बीपीच्या रुग्णाला पाच दिवसांहून जास्त वेदनाशामक लिहिण्याआधी क्रिएटिनिन पाहिले जावे. पाहतानाही नुसता आकडा पुरेसा नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे १.२ असेल तर त्याची गाळण्याची क्षमता ८५ च्या आसपास असते, आणि तेच १.२ सत्तर वर्षांच्या आजींचे असेल तर क्षमता पन्नाशीच्याही खाली असते. प्रयोगशाळेच्या कागदावर दोघांसमोर ‘नॉर्मल’च्या जवळपासचाच आकडा दिसतो. बहुतेक प्रयोगशाळांना हे गणित करून देता येते, लिहून मागितले पाहिजे. ही क्षमता तीसच्या खाली असेल तर तोंडाने घ्यायची ही वेदनाशामके टाळायचीच. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्याहूनही आधी इशारा देते, आणि मधुमेहींनी ती वर्षातून एकदा करायला हवी. क्रिएटिनिनची तपासणी तर सरकारी रुग्णालयात मोफत होते.

दुखणे खरे असते, त्यामुळे नुसते “घेऊ नका” म्हणून भागत नाही. मूत्रपिंडाच्या दृष्टीने पॅरासिटामॉल पुष्कळ सुरक्षित आहे. यकृताचा आजार किंवा दारूची सवय नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते चालते. फक्त पट्टीवर पॅरासिटामॉलबरोबर दुसरे नाव जोडलेले नाही ना, हे पाहायचे. बाजारात ‘तापाची साधी गोळी’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोळ्या पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा असिक्लोफिनॅक यांच्या जोडगोळ्या असतात. गुडघ्यासाठी लावायच्या डायक्लोफिनॅकच्या जेलमधून रक्तात फार थोडे औषध जाते. तो पर्याय आधी वापरून पाहण्यासारखा आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फुकट असतात, म्हणूनच कदाचित कोणी लिहून देत नाही.

उलट्या-जुलाब किंवा कडक तापाच्या दिवसांत बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन यांपैकी कोणत्या दोन-तीन दिवस थांबवायच्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावे. तब्येत ठीक असताना विचारले तर उत्तर नीट मिळते. आणि पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, कापलेल्या पट्ट्या, पुड्या, तेले, क्रीम, काढ्याच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात, आणि टेबलावर पिशवी उलटी करावी. डॉक्टर घाईत असले तरीही.